मदत हवी आहे: सीबी रेडिओच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ च्या खाली येत नाही, दांडा किती कापू?

भटक्या_कोलोरॅडो · मंगळवार, रात्री ९:१०

शुक्रवारी पहाटे यूटामधल्या मोआबला निघायचंय. चार गाड्या, आठ मोठी माणसं, पाच मुलं. शनिवारी व्हाइट रिम रोड, साधारण १०० मैल, फोनला रेंज जवळपास नाहीच. म्हणून सगळ्यांनी सीबी, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचे रेडिओ, बसवले. बाकी तिघांचे चालले, माझाच अडलाय. एसडब्ल्यूआर (पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) मोजायच्या मीटरचा काटा लाल पट्टीत, ३ च्या वर. अँटेना नवीन आहे, चार फुटी फायबरग्लास. टोकाचा स्क्रू चार आटे बाहेर काढून पाहिला, ढिम्म फरक नाही. आता दांडा कापायचा विचार आहे. किती इंचांनी सुरुवात करू? लवकर सांगा प्लीज.

सुलभा_ऑस्टिन · ९:२६

कापू नका! कापलेली काठी परत जोडता येत नाही, आणि तुमचा प्रश्न लांबीचा वाटतही नाही.

आधी हे सांगा. गाडी कोणती? अँटेना गाडीवर नेमकी कुठे आणि कशावर बसवली आहे? १, १९ आणि ४० या तीन चॅनेलवर वेगवेगळं रीडिंग किती? मीटरचा काटा प्रत्येक चॅनेलला सेट रेघेवर आणून मग स्विच परतणारी शक्ती मोजण्याकडे टाकलात का? मोजलं कुठे, घरात की उघड्यावर?

आणि काटा ३ च्या वर असताना माइकचं बटण दाबून बोलत बसू नका. ३ म्हणजे पाठवलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा परत येतो. सीबीला मुळात ४ वॅट, त्यातला १ वॅट उलटा संचात. आतला शेवटचा ट्रान्झिस्टर त्यानेच जातो. मोजायला पाच सेकंद पुरतात.

भटक्या_कोलोरॅडो · ९:३४

ताई, गाडी पिकअप ट्रक आहे, अँटेना मागे लावली आहे. सगळ्या चॅनेलवर ३ च्या वर. गॅरेजमध्ये मोजलं, बाहेर बर्फ पडतोय. मीटर बरोबर आहे, मित्राच्या गाडीवर १.४ दाखवतो. किती कापू एवढंच सांगा.

अठराचाकी · ९:५१

मी चौदा वर्षं या देशात ट्रक चालवतोय, इंडियानापासून कॅलिफोर्नियापर्यंत. माझं ऐक भावा, ती काठी काढ आणि चुंबकाची अँटेना घे. छताच्या बरोब्बर मध्यभागी ठेवायची, वायर दाराच्या रबराखालून आत. दहा मिनिटांचं काम. छताचा पत्रा चारी बाजूंनी सारखा मिळतो, त्यामुळे सगळीकडे सारखं ऐकू जातं.

आणि केबल १८ फुटांचीच हवी. तू कापून आखूड केली असशील तर तिथेच घोटाळा झालाय.

पुणेरी_हॅम · १०:०८

१८ फुटांची ही समजूत मी तीस वर्षं ऐकतोय, आता तरी थांबवू या. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर. तिचा अर्धा भाग साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट, म्हणून लोक तो आकडा धरून बसले. पण हा हिशोब मोकळ्या हवेतला. नेहमीच्या केबलमध्ये लहर हवेतल्या वेगाच्या ६६ टक्क्यांनी धावते, त्यामुळे अर्धी लहर १२ फुटांतच पुरी होते. अँटेना आणि अर्थिंग नीट असेल तर केबल ९ फूट असो की २०, एसडब्ल्यूआर तोच राहायला हवा.

अठराचाकी · १०:१५

काका, गणित तुमचं बरोबर असेल. पण मी स्वतः माझ्या केबिनवर ९ फुटांची केबल काढून १८ ची लावली आणि काटा २.५ वरून १.६ वर आला. डोळ्यांनी पाहिलंय. अँटेना बनवणारेही १८ फुटांचीच केबल देतात, ते काय वेडे आहेत?

सुलभा_ऑस्टिन · १०:३१

तुम्ही दोघंही खरं बोलताय, आणि त्यातच उत्तर आहे. केबल बदलल्यावर काटा हलला, म्हणजे केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचं काम करायला लागली होती. अर्थिंग कच्चं असलं की असं होतं. १८ फुटांच्या केबलने तो दोष झाकला, गेला नाही. अठराचाकी, तुमच्या ट्रकचं केबिन फायबरग्लासचं आहे ना? मोठ्या ट्रकांवर हे नेहमी दिसतं.

भटक्या, गाडीचं नाव अजून कळलेलं नाही. आणि गॅरेजमधलं रीडिंग विसरा. लोखंडी दार, छताचे पत्रे, शेजारी उभं असलेलं माणूस, सगळं त्या आकड्यात मिसळतं. उघड्या जागेत, दारं लावून, नेहमी बसता तिथे बसून मोजायचं.

सह्यवेडा_सिअ‍ॅटल · १०:४०

सीबी कशाला घेतलेत? जीएमआरएस घ्या, तोही गाड्यांत बोलायचा रेडिओच, पण परवान्यावर चालणारा. एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, परवाना ३५ डॉलर, दहा वर्षांसाठी, परीक्षा नाही, आणि एका परवान्यावर घरचे सगळे बोलू शकतात. फ्रिक्वेन्सी ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे अँटेना वीतभर आणि आवाज एकदम स्वच्छ. आम्ही कॅस्केड्सच्या डोंगरांत दोन वर्षं हेच वापरतो. एसडब्ल्यूआर एकदाही मोजला नाही.

भटक्या_कोलोरॅडो · १०:४४

दादा, चार गाड्यांत चार सीबी बसलेत, पैसे देऊन झालेत, आणि निघायला अडीच दिवस आहेत. पुढच्या वर्षी बघू. मला आत्ता ही अँटेना चालू करायची आहे.

नाशिककर · बुधवार, सकाळी ६:०२ (इकडची संध्याकाळ)

धागा वाचतोय. अवांतर विचारतो. आम्ही पाच-सहा जण पावसाळ्यात त्र्यंबक, हरसूल, जव्हारकडे गाड्या घेऊन जातो. घाटात फोन लागत नाही. असा सीबी भारतात चालतो का? भाऊ अमेरिकेतून येणार आहे, त्याला आणायला सांगू?

पुणेरी_हॅम · ७:२०

नाशिककर, भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत परवान्याशिवाय बोलता येतं. अमेरिकी संचाचे ४० चॅनेल मात्र २६.९६५ पासून २७.४०५ पर्यंत जातात. म्हणजे पहिले २७ चॅनेल आपल्या पट्ट्यात, २८ पासून पुढचे बाहेर. शिवाय बिनतारी यंत्र परदेशातून आणायचे नियम वेगळे. तेव्हा भावाला सांगू नका.

माझं मत विचाराल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या परवान्याची, परीक्षा द्या. अभ्यास महिना-दोन महिन्यांचा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर पाव लहरीचा दांडा जेमतेम अर्धा मीटर लागतो, गाडीच्या छतावर सहज मावतो. सीबीचा पूर्ण पाव लहरीचा दांडा पावणेतीन मीटर भरतो. चार फुटी काठीत तेवढी तार गुंडाळून बसवलेली असते, म्हणूनच ती इतकी नाजूक मिजाशीची. महापुरात फोन बंद पडले की हॅमच उपयोगी पडतात.

राइनकाठ · ८:११

जर्मनीत सीबीला ८० चॅनेल आहेत आणि एफएमवरही बोलता येतं. अमेरिकेतही २०२१ पासून एफएमला परवानगी मिळाली ना? तिकडे ट्रकवाले १९ वर असतात, आमच्याकडे ९ वर. तुमच्याकडे ९ आणीबाणीसाठी राखीव आहे, हे मला इथे आल्यावर उलटं शिकावं लागलं.

अठराचाकी · ८:३०

हो, ९ वर गप्पा मारायच्या नाहीत. १९ म्हणजे २७.१८५, सगळा हायवे त्यावर. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली, मग ५५ मैलांची वेगमर्यादा आली, तेव्हा डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी सीबी उचलून धरला. गर्दी इतकी झाली की २३ चॅनेलचे १९७७ पासून ४० करावे लागले. अध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नीसुद्धा सीबीवर बोलायच्या, त्यांचं टोपणनाव होतं फर्स्ट मामा. आता नवीन पोरं फोनवरच असतात. पण बर्फात रस्ता बंद झाला की पहिली खबर अजून १९ वरच मिळते.

सुलभा_ऑस्टिन · ९:०५

भटक्या, गाडी?

भटक्या_कोलोरॅडो · ९:१८

सॉरी, ऑफिसात होतो. टोयोटा टॅकोमा २०१९. मागच्या हौद्याच्या कडेला जी अ‍ॅल्युमिनियमची रेल असते, तिला ब्रॅकेट बोल्टने घट्ट बसवलंय. हलत नाही अजिबात. धातूला धातू आहे, म्हणून अर्थिंगचं सांगितलं नाही.

सुलभा_ऑस्टिन · ९:२७

मिळालं. टॅकोमाच्या हौद्याचा आतला भाग कंपोझिटचा, म्हणजे फायबर घातलेल्या प्लास्टिकचा असतो, पत्र्याचा नाही. गंजत नाही, हलका असतो, सामान टाकायला उत्तम. पण वीज वाहत नाही. तुमची रेल त्या कंपोझिटवर बसलेली आहे. धातूला धातू लागला खरा, पण तो धातू गाडीशी जोडलेलाच नाही. अँटेनाचा निम्मा भाग म्हणजे काठी, उरलेला निम्मा म्हणजे गाडीचं धूड. तुमच्याकडे दुसरा निम्मा नाहीच. मग स्क्रू कितीही फिरवा, काटा हलणार कसा?

मल्टिमीटर आहे का? काठी काढून ठेवा आणि केबल रेडिओच्या मागून सोडवा. ती जोडलेली राहिली तर संचातून अर्थिंग मिळतं आणि मीटर फसवतो. मग दोन तपासण्या. ब्रॅकेट ते चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा): बीप वाजली पाहिजे, रोध १ ओहमच्या आत. केबलची मधली पिन ते ब्रॅकेट: बीप वाजता कामा नये. वाजली तर बुडाचा नायलॉनचा वॉशर उलटा बसलाय.

भटक्या_कोलोरॅडो · संध्याकाळी ६:४०

मीटर शेजाऱ्याकडून आणला. मधली पिन ते ब्रॅकेट: बीप नाही. ब्रॅकेट ते चॅसी: तीही नाही, सर्किट पूर्ण उघडं. म्हणजे ताई म्हणतात तेच. आता काय जोडू? घरात जुनी जंपर केबल आहे, ती कापून लावली तर?

सुलभा_ऑस्टिन · ६:५२

जंपरची तार नको. तांब्याची विणलेली चपटी पट्टी घ्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात इंजिनच्या अर्थिंगसाठी मिळते. जमेल तितकी आखूड, शक्यतो फूटभर. एक टोक ब्रॅकेटच्या बोल्टखाली, दुसरं सरळ खाली चॅसीवर. दोन्हीकडे रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर खरवडा, दातेरी वॉशर टाका, कसा, आणि वरून ग्रीस लावा, नाहीतर हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने सहा महिन्यांत तिथे गंज धरेल.

पुणेरी_हॅम · ७:०५

एक भर घालतो. मल्टिमीटर बॅटरीच्या विजेवर मोजतो. २७ मेगाहर्ट्झला लांब गोल तार अडथळा ठरते, मीटर शून्य दाखवत असला तरी. म्हणून चपटी आणि आखूड हे ताईंचं म्हणणं अक्षरशः पाळा. माझ्या मते ब्रॅकेट तिथून उचलून बॉनेटच्या कडेला पत्र्यावर नेणं सगळ्यात चांगलं. हौद्यापुढे केबिन आडवी येते, पुढच्या बाजूला आवाज कमी पोचेल.

सुलभा_ऑस्टिन · ७:११

बॉनेट जास्त चांगलं, मान्य. पण शुक्रवारी निघायचंय आणि बॉनेटचं ब्रॅकेट आज मागवलं तर येणार कधी? आधी पट्टी.

अठराचाकी · ७:२०

मी अजून म्हणतो, छत आणि चुंबक. टॅकोमाचं छत पोलादी आहे, चिकटेल. पण पट्टी लावून बघ, नाही जमलं तर माझं ऐक.

भटक्या_कोलोरॅडो · गुरुवार, सकाळी ७:४८

पट्टी लावली, सुमारे ३० सेंटीमीटर. रात्री हेडलॅम्प लावून गाडीखाली झोपून रंग खरवडला. ब्रॅकेट ते चॅसी आता ०.३ ओहम. सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी नेली, दारं लावून मोजलं.

चॅनेल १: १.७
चॅनेल १९: २.०
चॅनेल ४०: २.४

तीन दिवसांत पहिल्यांदा काटा लाल पट्टीतून बाहेर आलेला पाहिला. आता काय? कापायचं का?

सुलभा_ऑस्टिन · ७:५५

अजूनही नाही! चॅनेल वाढतो तसा काटा वाढतोय, म्हणजे अँटेना लांब आहे. उलट असतं, १ वर जास्त आणि ४० वर कमी, तर आखूड. मंगळवारी तुम्ही स्क्रू चार आटे बाहेर काढला होतात, तो परत आत घ्या. एका वेळी एकच आटा, प्रत्येक वेळी बाजूला होऊन तिन्ही चॅनेल मोजा. १ आणि ४० जवळपास सारखे आले आणि १९ सगळ्यात खाली आला की थांबायचं. मग लॉकनट घट्ट करा, नाहीतर दगडांच्या रस्त्यावर स्क्रू आपोआप फिरेल.

उरलेली केबल लहान गोल वेटोळं करून सीटखाली कोंबू नका. हात-दीड हात लांबीचा आठचा आकडा करून सैल बांधा.

भटक्या_कोलोरॅडो · ८:४०

पाच आटे आत. १ वर १.५, १९ वर १.३, ४० वर १.६. लॉकनट आवळला. ताई, तुमचे उपकार कसे फेडू. मी तर परवा करवत शोधत होतो.

सह्यवेडा_सिअ‍ॅटल · ९:०२

छान झालं. तरी जीएमआरएसचा विचार करा. व्हाइट रिमवर वळणं फार आहेत.

नाशिककर · ९:१५

हॅमच्या परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो? वेगळा धागा काढू का?

पुणेरी_हॅम · ९:२१

काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.

भटक्या_कोलोरॅडो · शुक्रवार, दुपारी १:३०

ग्रँड जंक्शनला पेट्रोल भरायला थांबलोय. ग्लेनवूड कॅन्यनमध्ये आमच्या गाड्यांमध्ये चार-पाच मोठे ट्रक शिरले, शेवटची गाडी दिसेनाशी झाली. दोन मैल मागे असूनही वहिनींचा आवाज शब्द न् शब्द आला. पुणेरी काका म्हणाले ते मात्र खरं, पुढच्या गाडीपेक्षा मागची जास्त स्पष्ट येते. पुढच्या महिन्यात ब्रॅकेट बॉनेटवर नेणार.

एक विचारायचं राहिलं. इंजिन चालू असताना एक बारीक शिट्टी ऐकू येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाते. मोआबला पोचेपर्यंत काही करता येईल का?

सुलभा_ऑस्टिन · १:४४

रेडिओची वीज कुठून घेतलीत?

भटक्या_कोलोरॅडो · १:४६

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून. ते तर सगळेच घेतात ना?

सुलभा_ऑस्टिन · १:५०

अल्टरनेटरची शिट्टी आहे ती. आज चालवून घ्या, धोका काही नाही. परत आल्यावर दोन्ही तारा थेट बॅटरीवर न्या, लाल तारेला बॅटरीजवळ फ्यूज टाका. आत्ता त्या सॉकेटच्या बाजूला फोनचा चार्जर लावला असेल तर तेवढा काढून बघा.

भटक्या_कोलोरॅडो · १:५३

चार्जर काढला. निम्मी शिट्टी गेली. निघतो.