मदत हवी आहे: आईच्या टाचेचं दुर्बिणीतून ऑपरेशन करावं का?

आई ५४ वर्षांची, शिक्षिका, दिवसभर उभी. दीड वर्ष झालं उजवी टाच दुखतेय, प्लांटर फॅसायटिस (टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं) निघालं. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं होतं, भिंत धरत बाथरूमपर्यंत जाते. हील पॅड, पोटरीचे स्ट्रेच, गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवणं, स्टिरॉइडची २ इंजेक्शनं, सगळं झालं (आजीच्या हट्टाखातर रुईचं पानही बांधलं!). आता डॉक्टर म्हणतायत बारीक छेद घेऊन दुर्बिणीतून तळव्याचा ताणलेला पट्टा थोडासाच कापू, पूर्ण कापला तर पायाची कमान खाली बसू शकते म्हणे. तिला शुगर पण आहे, म्हणून जखमेची धास्ती वाटते. कुणी केलंय का असं, किती दिवसांनी नीट चालता आलं आणि दुखणं परत उलटलं का?