स्वमत पाठ झालं का?

बी-302 (ईराची आई): नमस्कार मंडळी. 'श्यामची आई'चं परीक्षण कोणाकडे तयार आहे का? आठवीला दिवाळीच्या सुट्टीत वाचायला दिलंय. दोनशे शब्द, सोमवारी वही द्यायचीय. हिनं पुस्तक वाचलंय, पण लिहायला काही बसत नाही.

सी-204: आमच्याकडे वाचण्याचीच बोंब आहे 😄 पुस्तकात 42 रात्री, सुट्टी मोजून 18 दिवस. शेवटी सिनेमा लावून दिला, 1953चा अत्र्यांचा. तोही बघता बघता आमचा मुलगा झोपला.

डी-101 (काका): राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा आहे तो. आणि म्हणे झोपला.

सी-204: अहो काका, तो मेला फुटबॉल खेळून आला होता. पदकाचा काय दोष!

सेक्रेटरी: उद्या सकाळी 9 ते 11 गच्चीवरची टाकी धुणार. पाणी भरून ठेवणे.

ए-104 (बाई): ईराची आई, तिनं वाचलंय म्हणता ना? मग घोडं अडलंय कुठे?

बी-302 (ईराची आई): बाई, सुट्टीच्या आधी वर्गात पोहण्याच्या प्रकरणावर लिहायला लावलं होतं. हिनं लिहिलं, आईनं मारायला नको होतं. लाल पेनानं शेरा आला, 'पुन्हा लिही'. तेव्हापासून एकच धोशा, तूच सांग काय लिहू.

सी-501: आमचा केंद्रीय बोर्डात आहे. 2020च्या कायद्यामुळे त्यालाही मराठी आहे. घरी आम्ही तमिळ बोलतो, तरी त्याला मराठी गोष्टी आवडतात. फक्त 'प्रश्नोत्तरे' म्हटलं की पुस्तक पलंगाखाली जातं.

डी-101 (काका): आमच्या वेळी असले लाड नव्हते. नेमलेलं पुस्तक म्हणजे नेमलेलं पुस्तक.

डी-101 (काकू, यांच्याच फोनवरून): यांनी कॉलेजात नेमलेली कादंबरी अजून वाचलेली नाही. माझ्या नोट्सवर पास झालेत.

सी-204: 😂😂😂

बी-302: मी ईरा, आईचा फोन घेतलाय. मला पुस्तक आवडलं नाही असं नाहीये. तो पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर लपतो ना, तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. कारण मीपण स्विमिंगच्या पहिल्या दिवशी चेंजिंग रूममधून बाहेरच आले नव्हते. आई त्याला मारून विहिरीवर पाठवते त्याचा मला खूप राग आला. मग घरी आल्यावर ती त्याला दही देते, तेव्हा राग गेला, पण सगळा नाही गेला. मी एवढंच लिहिलं होतं. 'आईची शिस्त आणि माया' असं पाहिजे होतं. आता सुट्टीत बाकीचं वाचताना मी सारखी बघत होते की यातलं कुठलं लिहिलेलं चालेल. मोरी गाय वाचताना मात्र विसरले आणि रडले. ते वहीत लिहिणार नाहीये. सॉरी, मेसेज मोठा झाला.

ए-104 (बाई): मोठा नाही झाला गं.

बी-702: मी ओंकार, दहावी. ईरा, तुला अजून कळलं नाही. आमच्या पेपरात उताऱ्याचे 7 गुण असतात, त्यातले 3 स्वमताचे, म्हणजे स्वतःचं मत लिहायच्या प्रश्नाचे. आणि स्वमताचं उत्तर गाईडमध्ये छापील आहे. आमच्या क्लासचे सर विचारतात, 'स्वमत पाठ झालं का?' कोणी हसतपण नाही.

सी-204: अरे देवा. आणि स्थूलवाचन, ते नुसते वाचायचे जादा पाठ?

बी-702: 80 पैकी 6 गुण. म्हणून तेच शेवटी करायचं. पण खरं सांगू का, त्यातले पाठ मी जूनमध्ये पुस्तकं आली त्याच दिवशी वाचून काढले होते. नव्या पुस्तकाचा वास असतो तोपर्यंत सगळं वाचावंसं वाटतं.

ए-104 (बाई): ओंकार, ती छापील स्वमतं माझ्यासारख्यांनीच लिहिलीत. एकेका वर्गात साठ वह्या, असे तीन वर्ग. वेगळं उत्तर आलं की थांबावं लागतं, पुन्हा वाचावं लागतं, गुण किती द्यायचे ते ठरवावं लागतं. सारखं उत्तर असलं की बरोबरची खूण करून पुढं. मीही फळ्यावर उत्तर लिहून द्यायचे. पालकच म्हणायचे, बाई, उगाच गुण जायला नकोत. ईराच्या बाईंनी शेरा का मारला असेल, ते मला इथे बसून कळतंय. पण ईरा, तू दोनशे शब्दांत रागच लिही. फक्त दहीसुद्धा लिही.

बी-302 (ईराची आई): आणि पुन्हा शेरा आला तर?

ए-104 (बाई): तर मला वही दाखवायला पाठव. चहा टाकते.

बी-302: ईराच. अजून एक विचारू? पत्रावळीच्या प्रकरणात 'पत्रावळ लावणे' म्हणजे मांडणे ना? मग श्यामला ते येत नाही म्हणजे काय? गणपतीत आपण आणतो त्या चंदेरी कागदाच्या तर शंभरच्या पाकिटात येतात.

डी-101 (काका): अगं बाळ, लावणं म्हणजे पानं टाचणं! वडाची नाहीतर पळसाची पानं एकावर एक सरकवत गोल करायचा, हिराच्या काडीनं टाके घालायचे. टाका मागे दिसला की आजी पत्रावळ परत द्यायची. आमचं गाव दापोली तालुक्यात, गुरुजींच्या पालगडपासून फार लांब नाही. आमच्याकडे मुंजीला दोन-दोनशे पत्रावळी लावायला माणसं आदल्या रात्री जागायची. माझी नेहमी फाटायची. ते प्रकरण मी वाचलंय बरं का, काकूच्या नोट्स नव्हे.

सी-204: काका, शिकवा ना मुलांना. आमचा फुटबॉलपटू येईल, पुस्तक नको म्हणेल पण हे करेल.

डी-101 (काका): कोपऱ्यावरच्या वडाची पानं चालतील. रविवारी पाचला गच्चीवर. हिराच्या काड्यांना नवा खराटा लागेल.

बी-702: परीक्षेला येणार आहे का हे?

डी-101 (काका): नाही.

बी-702: मग येतो.

सेक्रेटरी: गच्चीची चावी वॉचमनकडे. सोसायटीचा खराटा मोडू नये. पानांचा कचरा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे.