चवथीच्या शटडाउनला पहिल्यांदाच लॉकआउट-टॅगआउट लावतोय, काय काय धरायचं?

कुंडईचा_मेंटेनन्सवाला

नमस्कार मंडळी. कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड खोक्यांचा छोटा कारखाना आहे. चवथीला पाच दिवस उत्पादन बंद असतं, मोठी कामं तेव्हाच निघतात. यंदा सिंगल फेसरच्या (कागदाला लाटा पाडून चिकटवणाऱ्या मशीनच्या) रोलांची बेअरिंग बदलायची आहेत, प्रिंटर-स्लॉटरचे (छपाई करून खाचा पाडणाऱ्या मशीनचे) हवेचे सिलिंडर आणि मिल रोल स्टँडचे (कागदाचे रीळ उचलून धरणाऱ्या स्टँडचे) होज बदलायचे आहेत, मेन पॅनेलची टर्मिनल आवळायची आहेत. आमचे ३ फिटर आणि २ इलेक्ट्रिशियन. बाहेरून ९ कंत्राटी कामगार येतील, बहुतेक कर्नाटक आणि झारखंडचे.

आत्तापर्यंतची पद्धत अशी की स्विच ऑफ करायचा, 'काम चालू आहे' ही पाटी अडकवायची, फ्यूज काढून इलेक्ट्रिशियनने खिशात ठेवायचे. यंदा रीतसर लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे वीज, हवा, वाफ जिथून येते ती प्रत्येक जागा बंद करून तिथे कुलूप आणि नावाची चिठ्ठी (टॅग) लावायची ठरवलंय. अडचणी अशा: जुन्या एमसीबींना (छोट्या सर्किट ब्रेकरना) कुलूप अडकवायला जागाच नाही. डीजी (डिझेल जनरेटर) ऑटोवर असतो आणि या दिवसांत वीज सारखी जाते. १४ माणसांना नेमकी किती कुलपं घ्यायची तेही कळत नाही. इमर्जन्सी स्टॉप दाबून त्यालाच कुलूप घातलं तर चालेल का, असंही एकाने सुचवलंय.

फोंड्याचा_वायरमन

इमर्जन्सी स्टॉपचं आधी सांगतो, कारण तो विचार धोक्याचा आहे. ते बटण फक्त कंट्रोल सर्किट तोडतं. पॉवर काँटॅक्टरपर्यंत (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचपर्यंत) आलेलीच असते. काँटॅक्टर चिकटलेला असेल किंवा कंट्रोलची वायर कुठे शॉर्ट झाली असेल, तर बटण दाबलेलं असूनही मोटर फिरू शकते. कुलूप मोटरकडे जाणारी पॉवर जिथे तुटते त्या आयसोलेटरला किंवा स्विच-फ्यूजच्या हँडललाच घालायचं.

आता डीजी. एएमएफ पॅनेल (वीज गेली की डीजी आपोआप सुरू करणारं) 'वीज आहे की नाही' हे कुठल्या बिंदूवरून बघतं ते ड्रॉइंगवर शोधा. सेन्सिंगची वायर मेन इनकमरच्या (बाहेरून येणाऱ्या विजेच्या मुख्य ब्रेकरच्या) नंतर घेतलेली असेल, तर तुम्ही कामासाठी इनकमर पाडलात की पॅनेल समजतं वीज गेली. थोड्याच सेकंदांत डीजी सुरू होतो आणि चेंजओव्हरमधून त्याच बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर) वीज येते. माणसाचे हात तेव्हा टर्मिनलवर असतात. म्हणून कंट्रोलर 'ऑफ'वर ठेवा. 'मॅन्युअल'वर नको, कारण तिथे बटण दाबून इंजिन सुरू होतं. डीजीचा आउटपुट ब्रेकर पाडून कुलूप घाला आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. निगेटिव्ह आधी काढायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. वेल्डिंगसाठी डीजी लागणारच असेल, तर मेन पॅनेलचं काम वेगळ्या दिवशी घ्या. एकाच दिवशी दोन्ही जमवायला जाऊ नका.

मेन इनकमर पाडला तरी त्याची येणारी बाजू जिवंतच असते. ती टर्मिनल आवळायची असतील तर मागचं आयसोलेशन हवं, म्हणजे वीज त्याच्याही आधी तोडायला हवी. तिथे वीज खात्याला कळवून लायसन्सधारक ठेकेदाराकडूनच काम करून घ्या.

पॅनेल बंद केल्यावरही आत वीज उरते, त्या जागा अशा. एपीएफसीचे (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलचे) कपॅसिटर: पाच मिनिटं थांबा आणि मोजूनच हात लावा, कारण डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असेल तर चार्ज तसाच राहतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह): ४१५ व्होल्टवर त्याच्या डीसी बसवर सुमारे ५८५ व्होल्ट असतात. ड्राइव्हवर लिहिलेली वेळ थांबा आणि डीसी प्लस-मायनसमध्ये मोजा. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली असं नाही. दुसऱ्या पॅनेलमधून येणाऱ्या इंटरलॉकच्या वायरी: तुमचा आयसोलेटर बंद असतानाही त्यांत २३० व्होल्ट असतात.

आणि आपल्याकडच्या हवेत हमखास असणारी एक गोष्ट म्हणजे मोटरचा स्पेस हीटर. दमट हवेत वाइंडिंगला ओल धरू नये म्हणून तो बसवतात. त्याचा सप्लाय वेगळा असतो आणि मोटर बंद झाली की तो चालू होतो. आयसोलेटरला कुलूप घालून टर्मिनल बॉक्स उघडला तर आत हीटरचे २३० व्होल्ट तयार असतात. तो एमसीबी यादीत स्वतंत्र ओळ म्हणून लिहा.

जुन्या एमसीबींसाठी नॉबवर चिमट्यासारखं बसणारं लॉकआउट मिळतं. एमसीबीच्या बनावटीप्रमाणे त्याच्या पिनांची जागा वेगळी असते, तेव्हा आधी एक नमुना बसवून बघा आणि मग बाकीची मागवा. मोठ्या एमसीसीबीला (जास्त करंटच्या ब्रेकरला) स्क्रूने आवळायचा क्लॅम्प येतो. तोही बसत नसेल तर फ्यूज काढून पूर्ण कप्प्याच्या दारालाच कुलूप घाला. फ्यूज नुसते खिशात ठेवून भागत नाही, कारण स्टोअरमध्ये त्याच साइझचे दुसरे पडलेले असतात.

कुलूप घातल्यावर मोजणी. निऑन टेस्टरवर विसंबू नका, दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर घ्या. तो आधी जिवंत जागी चालतोय का बघा, मग कामाच्या जागी मोजा, मग परत जिवंत जागी बघा. तीन फेजच्या बाबतीत मोजण्या दहा: फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक. हँडल ऑफ दाखवतं आणि आत एक पोल चिकटलेला असतो, हे दोन मोजण्यांत सुटतं, दहांत सापडतं.

वाफ_हवा_तेल

विजेचं वरती आलंच आहे. खोक्यांच्या कारखान्यात माणसाला जास्त फसवतात त्या बाकीच्या गोष्टी, कारण त्या टेस्टरवर दिसत नाहीत.

हवा: साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तर पुढच्या लाइनमधली हवा तिथेच अडकते. ६ बारला ६३ मिमी बोअरचा सिलिंडर जवळजवळ १९० किलोचा जोर लावतो, १०० मिमीचा ४८० किलोच्या आसपास. म्हणून बंद करताच पुढची हवा बाहेर सोडणारा, कुलूप घालता येणारा थ्री-वे व्हॉल्व्ह मशीनच्या तोंडाशी बसवा. सायलेन्सर चोंदलेला असेल तर हवा तासभर सुटत राहते, तेव्हा गेज शून्यावर आला का बघा. सिलिंडरवर पायलट चेक व्हॉल्व्ह (हवा परत जाऊ न देणारा) असेल किंवा बंद मध्यस्थितीचा ५/३ व्हॉल्व्ह (मधल्या स्थितीत सगळ्या वाटा अडवणारा) असेल, तर गेज शून्य दाखवूनही सिलिंडरच्या पोटात दाब असतो. तिथे आधी भागाला खालून आधार द्या आणि मग फिटिंग हळूहळू ढिली करा. उलट क्रम केलात तर भाग अचानक खाली येतो.

तेल: मिल रोल स्टँडचे हात वर ठेवून होजला हात लावायचाच नाही. रील उतरवा, हात पूर्ण खाली टेकवा, पंप बंद करून कुलूप घाला, मग लीव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब टाकीत सोडा. काही कामासाठी हात वर हवेच असतील तर लोखंडी टेकू किंवा पिन लागते. लाकडाचा ठोकळा घसरतो.

वाफ: रोल तापवायला वाफ असेल तर एका ग्लोब व्हॉल्व्हवर भरवसा नको. सीटवर कचरा बसला की तो पास होतो, म्हणजे बंद असूनही गळतो. दोन व्हॉल्व्ह बंद करायचे, दोन्हींना कुलूप घालायचं आणि मधली ड्रेन उघडी ठेवायची. ड्रेनमधून वाफ येत राहिली तर पहिला व्हॉल्व्ह गळतोय हे तिथेच समजतं. सगळ्यांच्या नजरेतून सुटते ती कंडेन्सेटची (वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारी) बाजू. सगळ्या मशीनांचा कंडेन्सेट एकाच हेडरला जात असेल तर शेजारच्या मशीनचा ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) पास झाल्यावर गरम पाणी आणि वाफ उलट तुमच्या रोलमध्ये येते. कंडेन्सेटचाही व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घाला. बॉयलरच १० किलो दाबावर असेल तर वाफ सुमारे १८४ अंशांची असते आणि जाड रोल तासन् तास गरम राहतो. रोटरी जॉइंट (फिरत्या रोलला वाफ जोडणारा सांधा) सोडण्याआधी रोल थंड होऊ द्या.

कुटबण_बर्फ

विषय खोक्यांचा आहे, पण कोणी बर्फाच्या कारखान्यातून वाचत असेल तर त्यांच्यासाठी एवढंच. अमोनियाच्या लाइनवर 'दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप' ही वाफेची रीत जशीच्या तशी लावू नका. मध्ये द्रव अमोनिया भरलेला अडकला आणि पाइप तापू लागला, तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि पाइप किंवा व्हॉल्व्ह फुटतो. आधी किंग व्हॉल्व्ह (रिसीव्हर टाकीतून द्रव बाहेर सोडणारा मुख्य व्हॉल्व्ह) बंद करून पंप-डाउन करा, म्हणजे कॉम्प्रेसरने अमोनिया टाकीत ओढून घ्या, लाइन रिकामी करा, मग अडवा.

कुंडईचा_मेंटेनन्सवाला

एवढ्या तपशिलाबद्दल मनापासून आभार. सिंगल फेसरची यादी काल काढली: मेन मोटर, तिचा स्पेस हीटर, ग्लू पंप, हवा, वाफेचे दोन व्हॉल्व्ह, कंडेन्सेट. सात जागा झाल्या. आमच्या सेन्सिंगची वायर खरंच इनकमरनंतरच निघाली! आणखी दोन गोष्टी विचारतो. प्रिंटरचे रोल धुताना ते थोडे थोडे फिरवावे लागतात, मग कुलूप कसं ठेवायचं? आणि एखादा माणूस चावी घेऊन घरी गेला तर?

फोंड्याचा_वायरमन

रोल फिरवून धुण्याचं काम कुलपाखाली होणारच नाही, ते वेगळं धरा. ज्याच्या हातात फडकं त्याच्याच हातात इंचिंगचं (रोल थोडा थोडा फिरवायचं) बटण. बटण दाबून धरेपर्यंतच रोल हळू फिरायला हवा. पुसायचं तेव्हा रोल थांबलेला, फिरवायचा तेव्हा हात बाहेर. दुसऱ्याने 'फिरवू का?' विचारायचं आणि पहिल्याने 'हो' म्हणायचं, हा प्रकार बंद करा. निपमध्ये (दोन रोलांच्या फटीत) हात घालायचं काही निघालं, तर कुलूप.

कुलपांचा हिशेब असा. सात जागांना सात डिपार्टमेंटची कुलपं, सगळी एकाच चावीची. ती चावी कुलूप-पेटीत टाका आणि पेटीवर त्या मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप घालायचं. म्हणजे वैयक्तिक कुलपं १४, प्रत्येकाची चावी वेगळी आणि एकच. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत पेटी उघडत नाही. एक माणूस एका वेळी दोन मशीनांवर नाव लावणार नाही हे आधीच ठरवा. टॅग मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये छापा, मोठं चित्र टाका, फोटो लावा. लॅमिनेशन करा, नाहीतर या हवेत दोन दिवसांत शाई उतरते. कुलपं नायलॉन बॉडीची घ्या, कड्या स्टीलच्या असतील तर गंज बघत राहा.

कुलूप लावल्यावर स्टार्ट दाबून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण गार्ड उघडा असेल किंवा इमर्जन्सी स्टॉप दाबलेला असेल तर मशीन एरवीही सुरू होणार नाही. मग ती चाचणी काहीच सांगत नाही. गार्ड लावा, स्टॉप सोडवा, प्रत्येक ठिकाणाहून स्टार्ट दाबा, मग सिलेक्टर परत ऑफला आणा.

माणूस घरी गेला तर आधी फोन करा, तो आवारात नाही याची खात्री करा. सुपरवायझर आणि मेंटेनन्स प्रमुख दोघांनी मिळून मशीन आतून-बाहेरून बघावं, मगच कुलूप कापावं. वहीत दोघांच्या सह्या आणि वेळ. तो माणूस परत कामावर आला की मशीनला हात लावायच्या आधी त्याला हे सांगितलंच पाहिजे, कारण त्याच्या समजुतीत त्याचं कुलूप अजून तिथेच आहे.

मालक खर्चाला कचरले तर सांगा, ही अट नवी नाही, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा १९४८ च्या कलम २४ मध्येही ती होती. चुकून 'ऑफ'वरून 'ऑन'वर जाऊ शकेल अशा उपकरणाला सुरक्षित स्थितीत कुलूप घालायची सोय हवी, असं त्यात लिहिलेलं होतं.