मदत हवी आहे: अंतर्गत 40 गुण 'जमलं / अजून नाही' पद्धतीने कसे द्यावेत?

काटकोन
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी पदवी कॉलेजात गणित शिकवते. एफवायबीएस्सी, पटावर 64. विद्यापीठाचे 60, आमच्या हातातले 40. हे 40 म्हणजे काय असतं ते इथल्या मास्तर लोकांना सांगायला नको. दोन चाचण्या, एक असाइनमेंट, आणि शेवटी बहुतेकांना 33 ते 38 च्या मधे कुठेतरी बसवायचं.

गेल्या वर्षी एका मुलाला ऑगस्टच्या चाचणीत एप्सिलॉन-डेल्टाच्या (लिमिटच्या काटेकोर व्याख्येच्या) प्रश्नाला 10 पैकी 2 पडले. ऑक्टोबरात बघते तर तोच फळ्यापाशी उभा राहून दोघींना समजावतोय, "एप्सिलॉन आधी मिळतो गं, डेल्टा आपण शोधायचा." माझ्यापेक्षा बरं सांगत होता. सरासरीत मात्र ऑगस्टचे ते 2 त्याच्या मानगुटीवर बसलेलेच.

मग थोडं वाचलं. मिशिगनच्या ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीतले रॉबर्ट टॅल्बर्ट आणि डेव्हिड क्लार्क हे गणिताचेच प्राध्यापक यावर बरंच लिहितात. त्यावरून या सत्रात स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केलं: अभ्यासक्रमाचे 12 घटक, प्रत्येकाची एक पानी छोटी चाचणी, शेरा फक्त 'जमलं' किंवा 'अजून नाही'. 'अजून नाही' आलं की पुन्हा द्यायची मुभा, आधीचं धरायचं नाही.

आता अडचणी.

पहिली म्हणजे पोरं. "मॅडम, जमलं म्हणजे किती?" रोज हाच प्रश्न. कंटाळून मी कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहायला लागले.

दुसरी, पुन्हा चाचणी द्यायला सगळे शेवटी उगवतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात 112 पानं तपासली. घरी फराळ विकतचा आणला, सासूबाई अजून बोलून दाखवतात.

तिसरी आणि खरी: पोर्टलवर 40 पैकी आकडाच भरायचा आहे. 12 पैकी 9 घटक जमले तर सरळ त्रैराशिक मांडून 30? मग मी वेगळं काय केलं? शेजारच्या तुकडीत काही न करता 36 मिळताहेत, ते निराळंच.

कोणी प्रत्यक्ष केलंय का? एनईपीवर (नव्या शैक्षणिक धोरणावर) भाषण नको, प्लीज.

शेवंती
ताई, आधी ती पेन्सिल मोडून टाका. रूथ बटलर यांचा 1988 चा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास आहे. काहींना फक्त शेरा, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फायदा झाला तो फक्त शेरावाल्यांना. दोन्ही मिळालेल्यांची गत गुणवाल्यांसारखीच, कारण मुलं आकडा बघतात आणि शेरा सोडून देतात. तुमच्याकडेही तेच होतंय.

फळा_खडू
मॅडम, मी निवृत्त, केमिस्ट्रीचा. हेतू चांगला आहे, पण विद्यापीठाच्या 60 च्या पेपरात 'पुन्हा देतो सर' चालत नाही. पोरांना तशी सवय लागली तर मार्चमधे रडतील. आणि प्रत्येक पान जपून ठेवा. कुणी तक्रार केली तर परीक्षा विभाग तुमचं तत्त्वज्ञान ऐकणार नाही, कागद मागेल.

मिशिगनकर
इथे टीए (प्राध्यापकांचा शिकवणी-सहाय्यक) म्हणून हे दोन वर्षं केलंय. गर्दीवर उपाय: प्रत्येकाला सत्राला 5 कूपनं, पुन्हा चाचणी फक्त शनिवारी, एका शनिवारी दोनच घटक. आणि आधीच्या पानावरची चूक स्वतःच्या शब्दांत लिहून आणल्याशिवाय बसू द्यायचं नाही. निम्मी गर्दी या शेवटच्या अटीनेच गळते.

गुणांसाठी त्रैराशिक नको. अमेरिकेतल्या अध्यापनतज्ज्ञ लिंडा निल्सन यांची 2014 पासूनची मांडणी बघा. किती काम कोणत्या दर्जाचं झालं की कोणती श्रेणी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. तुमच्या 12 तले 7 घटक मुख्य ठरवा, ज्यांच्याशिवाय पुढच्या वर्षी अडेल असे. सातही जमले की थेट 25. उरलेल्या 5 चे प्रत्येकी 3. झाले 40. मुख्य अपुरे असतील तर जमलेल्यांचे प्रत्येकी 3, आणि जादा घटक तोवर धरायचे नाहीत. म्हणजे सहाला 18, आणि सातवा जमला की 25. मुलं सातव्यासाठी जीव टाकतात.

@फळा_खडू सर, मुद्दा बरोबर आहे. म्हणून मी शेवटची फेरी वेळ लावून, एकदाच घेतो.

काटकोन
शेवंती, पेन्सिल मोडली. सर, पानं फाइलला लावतेय, कपाट मिळालं तर बरं.

मिशिगनकर, 7 आणि 5 ची वाटणी एकदम पटली. मुख्य सातात लिमिट, कंटिन्युइटी, मीन व्हॅल्यू थिअरम नक्की. टेलर सिरीज जादात टाकू का, यावर रात्रभर डोकं खाजवतेय. पण एक बघा: आमच्याकडे पासिंग 16 ला. पाच मुख्य घटक जमलेल्या पोराचे होतात 15. एका गुणासाठी स्टाफरूमबाहेर रांग लागणार आणि त्या रांगेत एक-दोन पालकही असणार. इथे काय करता तुम्ही?