बसून होणारा प्रवास आणि पोटऱ्या
लांबच्या प्रवासात तब्येत सांभाळण्यासाठी बाहेरचे खाणे टाळून डबा सोबत न्यावा, असे अनेकजण सुचवतात आणि ते मान्यच आहे. परंतु तासन्‌तास एका जागी बसून राहण्याचा मुद्दा अशा चर्चेत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तास किंवा अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि हे विमानाइतकेच बस, रेल्वे व मोटारीलाही लागू आहे. मुळात हा धोका कमी असला, तरी थोड्या दिवसांत वारंवार प्रवास करणाऱ्यांच्या बाबतीत तो वाढतो.

कामानिमित्त मी दर पंधरवड्याला पुणे ते नागपूर रात्रीच्या बसने जात असे आणि लघुशंकेसाठी बस थांबवावी लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नसे. एकदा उतरल्यावर डाव्या पोटरीवर मोज्याचा वळ खोल उमटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी ती पोटरी उजवीपेक्षा सुजलेली आणि गरम लागत होती. डॉपलर तपासणीत (शिरांमधील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गुठळी आढळली व तीन महिने रक्त पातळ करणारी औषधे घ्यावी लागली. एकाच पायाला अशी सूज आली, तर ती थकव्याची समजून कृपया तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर थेट रुग्णालय गाठा.