नववीची भूमिती पायापासून: पुस्तक, क्लास की आणखी काही? (खर्च ५०० रुपयांच्या आत)

सुरुबन
नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. मुलगी नववीत, मराठी माध्यम. बीजगणित बरं चाललंय, पण भूमितीच्या चाचणीत २० पैकी ६. आकृत्या सुरेख काढते, 'सिद्ध करा' दिसलं की वही मिटते. छेदिका (दोन रेषांना छेदणारी रेषा), तिच्यामुळे होणारे संगत कोन, व्युत्क्रम कोन सगळं तोंडपाठ आहे, पण कुठे काय वापरायचं ते कळत नाही. मी दहावीपर्यंत शिकले, आता फारसं आठवत नाही. घरात मोबाईल एकच, तो दिवसभर ह्यांच्याकडे असतो, आणि पावसात रेंजचा भरवसा नाही. ५०० रुपयांत काय घेता येईल?

खाडीपलीकडे
टॅब घ्या. आम्ही १४ हजारांचा घेतला. जिओजेब्रा टाकलं की त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढायचा, कोन बदलताना समोर दिसतात. अॅप फुकट आहे. माझ्या मुलाला दहावीत भूमितीला ४० पैकी ३८ पडले.

सुरुबन
ताई, ५०० रुपये म्हटलंय मी.

मालवणी_मसालो
माझ्या झिलान सगळी प्रमेयां पाठ केल्यान. परीक्षेत आकृती उलटी इली आणि तो थयच थांबलो. चेडवाक सांगा, वही गोल फिरवन आकृती चारय बाजूंनी बघ. तेका पैसे लागनत नाय.

हातखंबा
पाठांतराला नावं ठेवू नका. मी पाठ करूनच पास झालो. गाईड आणा, त्यात प्रत्येक सिद्धता पायरीपायरीने दिलेली असते. दोनच महिने रोज एक लिहून काढली की हात बसतो.

निवृत्त_गुरुजी
हात बसतो, डोकं बसत नाही. तीस वर्षं हेच पाहत आलो. सुरुबन, मुलीला पहिल्या प्रकरणाकडे परत न्या, 'भूमितीतील मूलभूत संबोध'. शाळेत ते आठवडाभरात उरकतात, कारण त्यावर गणितं कमी आहेत. पण सिद्धतेची भाषा तिथेच आहे: जर-तर विधान, पक्ष, साध्य, व्यत्यास (उलटवलेलं विधान). 'जर'नंतरचं ते पक्ष, 'तर'नंतरचं ते साध्य. गणित हाती घेतलं की आधी हे दोन वेगळे लिहायचे. पक्षातल्या गोष्टी आकृतीवर हिरव्या पेन्सिलीने दाखवायच्या, साध्य लाल. लालकडे जायला हिरव्यातलं काय उपयोगी पडेल, तेवढंच शोधायचं. प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. कारण सुचत नसेल तर ती ओळ लिहायची नाही. पुस्तक घरी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते.

सोलकढी
गुरुजी +१. पहिलं प्रकरण आणि पक्ष-साध्य, हेच सांगायला आले होते. शिवाय गाईडवर माझा राग आहे. आमच्याकडच्या गाईडमध्ये एका आकृतीत अक्षरंच चुकली होती आणि अख्ख्या वर्गाने ती चूक उतरवली.

जांभाचिरा
मी गवंडी. शाळेत भूमिती नावडती होती, आता त्यावरच पोट आहे. चिऱ्याच्या घराची आखणी करताना कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. खोली मोठी असेल तर ६, ८, १०. मुलीला अंगणात करून दाखवा, पायथागोरस विसरणार नाही.

हातखंबा
तो पायथागोरस झाला, दहावीचा. नववीच्या मुलीला काय उपयोग?

निवृत्त_गुरुजी
पायथागोरसची ओळख सातवीतच होते. आणि जांभाचिरा, तुम्ही वापरता तो त्याचा व्यत्यास. प्रमेय म्हणतं, काटकोन असेल तर वर्गांची बेरीज जुळेल. तुम्ही बेरीज जुळवून काटकोन ठरवता. दोन्ही खरी आहेत, म्हणून घर उभं राहतं. पण प्रत्येक विधान उलटवून खरं राहतंच असं नाही. दोन काटकोन एकरूप असतात, म्हणून एकरूप असलेले कुठलेही दोन कोन काटकोन ठरत नाहीत. मुलं इथेच फसतात.

जांभाचिरा
उलट की सुलट ते माहीत नाही गुरुजी, भिंत कधी वाकडी गेली नाही.

भरतीओहोटी
क्लासला पाठवू नका. मी मुलाला शहरात पाठवला, वर्षाचे ९ हजार भरले, एका खोलीत साठ मुलं. जाऊन-येऊन दोन तास एसटीत. मुलगा रोज दमून यायचा.
एक कामाचं सांगते, कंपासपेटी बघा. आमच्या पेटीतल्या कंपासचा स्क्रू ढिला होता, वर्तुळ जिथे सुरू व्हायचं तिथे मिळायचंच नाही. आठ महिने पोराला वाटत होतं आपलाच हात वाईट. ज्याचा स्क्रू घट्ट बसतो असा घ्या.

निवृत्त_गुरुजी
बरोबर. घट्ट कंपास असेल तर हे करायला सांगा. रेख कख ७ सेमी. क पाशी ४० अंशांचा कोन करून किरण काढा. मग ख केंद्र घेऊन ५ सेमी त्रिज्येचा कंस मारा. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे दोन वेगळे त्रिकोण होतात. दोन बाजू त्याच, कोन तोच, तरी त्रिकोण वेगळे. म्हणून 'बाकोबा' (बाजू-कोन-बाजू) ही त्रिकोणांच्या एकरूपतेची कसोटी आहे आणि 'बाबाको' नाही. पाठ करून हे कळत नाही, हाताने काढलं की एका संध्याकाळी कळतं.

सोलकढी
कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवायचे, सरळ रेषा होते. तीन कोनांची बेरीज १८०. माझ्या मुलीला तेव्हाच पटलं.

निवृत्त_गुरुजी
पटलं, सिद्ध झालं नाही. तो एकच त्रिकोण होता. आता शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या आत, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे, म्हणून समान) म्हणून वर येतात आणि तिन्ही मिळून सरळ कोन होतो. हे कुठल्याही त्रिकोणाला लागू. सुरुबन, व्युत्क्रम कोन कुठे वापरायचे या तुमच्या प्रश्नाचं हेच उत्तर.

खाडीपलीकडे
हे सगळं टॅबवर दोन मिनिटांत दिसतं.

सुरुबन
सगळ्यांचे आभार. टॅब, गाईड, क्लास काहीच घेतलं नाही. १८० रुपयांचा गुंडाळता येणारा फळा आणि खडूचा डबा आणला. ठरवलं असं की रोज संध्याकाळी मुलगी मास्तरीण आणि मी विद्यार्थिनी. कंपास जुनाच आहे, स्क्रू ह्यांनी आवळून दिला. कोपरे फाडून झाले. काल मी फळ्यावर आकृती काढून थेट सिद्धतेला हात घातला, तर म्हणाली, "आई, तू पक्ष लिहिलाच नाहीस." अजून साध्याकडे जाताना ती अडते, पण वही मिटत नाही.

निवृत्त_गुरुजी
शिकवायला उभं केलंत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चुकीचं कारण मुद्दाम सांगून बघा, पकडते का ते कळवा.

जांभाचिरा
फळा भिंतीला सपाट टेकवू नका. पावसात चिऱ्याला ओल धरते, मागून बुरशी येते. खिळ्यावर थोडा पुढे टांगा.