बाटलीच्या लेबलाचं काय?
प्लास्टिकचा पुनर्वापर तोट्यात चालतो म्हणून सरकारने यंत्रांवर अनुदान द्यावं, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. तोटा यंत्राच्या कितीतरी आधी सुरू होतो. भोसरीत पाण्याच्या बाटल्या धुऊन चुरा करणाऱ्या एका युनिटचं काम मी काही वर्षं सांभाळलं. चुरा टाकीत टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात, बाटलीचे तळाशी जातात. फुकटात वर्गवारी! पण बाटलीला चिकटून बसणारं लेबल पीव्हीसी या वेगळ्या, जड प्लास्टिकचं असेल तर तेही तळाशी जातं. मग बायका उन्हात बसून ते हाताने निवडत. एवढं करूनही एखादा तुकडा राहिला की तो भट्टीत करपतो आणि सगळा माल पिवळा पडतो. रंगीत बाटल्यांना किती कमी भाव मिळतो, ते तर विचारूच नका.

जपानमध्ये उत्पादकांनी 1992 मध्ये बाटलीच्या रचनेचे नियम स्वतःच ठरवले आणि 2001 पासून देशात पेयांच्या रंगीत पेट (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) बाटल्या बनवणं थांबवलं. आपल्याकडे 2022 च्या नियमांनी प्लास्टिक कचरा गोळा करण्याची उत्पादकांवरची जबाबदारी पक्की केली, ते योग्यच झालं. पण लेबल कशाचं असावं, हेही त्यांना बांधून द्यायला हवं. त्याला अनुदानाचा एक पैसाही लागत नाही.